झारला लिहिलेले अर्ज आणि माझी चार पानं

एका माणसाची एकोणीस वर्षांची नोकरी मी चार पानांत घालवली. पानं हिंदीत टाइप केलेली होती, समास नीट सोडलेला होता आणि मजकूर शब्द न् शब्द खरा होता. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं, असं मी नंतर बऱ्याच लोकांना सांगत फिरलो. कोणी विचारलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे इंदूरच्या जुन्या शहरात, मल्हारगंजच्या जवळ, एका सरकारी वाचनालयात काम करणारे मदतनीस. कागदोपत्री ते ‘दैनिक वेतनभोगी’. सकाळी कुलूप उघडायचं, संध्याकाळी लावायचं, मधल्या वेळात पुस्तकं शोधून द्यायची, पंखे दुरुस्त करवून घ्यायचे, आणि इतकं एकोणीस वर्षं केल्यावरही सरकारच्या लेखी रोज सकाळी नव्यानं कामावर लागायचं. परमानेंट होणं ही त्यांच्या आयुष्यात उरलेली एकच मोठी गोष्ट होती. बाकी सगळं जमेल तसं झालं होतं. मी त्यांना इंदुरी पद्धतीनं ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायचो, ते मला ‘सर’.

आता माझ्याबद्दल. मी एका खाजगी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि अकरा वर्षं पीएच.डी. करतो आहे. विषय, क्रांतीपूर्व रशियातल्या शेतकऱ्यांनी झारला लिहिलेले अर्ज. रशियन मला येत नाही. एका उन्हाळ्यात अक्षरं पाठ केली होती, पावसाळ्यापर्यंत विसरलो. रशियाही पाहिलेला नाही. इंदूरला डिसेंबरात पारा जरा उतरला की मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून सायबेरियातल्या कैद्यांच्या हालांवर टिपणं काढतो, आणि बायको विचारते, “अहो, कैद्यांना खिडकी लावून घ्यायची परवानगी होती का?”

तरी विषयानं मला धरून ठेवलं, याचं कारण ते अर्ज. हे शेतकरी बहुतेक भूदास. भूदास म्हणजे जमिनीसकट विकला जाणारा माणूस. त्याला लिहिता येत नसे. गावात एखादा फौजेतून सुटून आलेला शिपाई असायचा, एखादा हाकललेला कारकून असायचा, त्याच्याकडून हे लोक अर्ज लिहवून घ्यायचे. सुरुवातीला स्वतःला झारची ‘अनाथ लेकरं’ म्हणायचं, मग मालकानं काय काय केलं ते सांगायचं. त्यांची पक्की समजूत अशी की झार दयाळू आहे. मधले अधिकारी त्याला कळू देत नाहीत, एवढंच. कागद एकदा त्याच्या हातात पडला की झालं. म्हणून माणसं शेकडो कोस चालत राजधानीला जायची. आणि कागदाचं व्हायचं काय, तर तो राजधानीतून प्रांतात, प्रांतातून जिल्ह्यात, असा एकेक पायरी उतरत शेवटी ज्याच्याविरुद्ध लिहिला त्याच मालकाच्या अंगणात यायचा. पुढे चाबूक, नाहीतर सायबेरिया. एका राणीनं तर मालकाविरुद्ध अर्ज करणं हाच गुन्हा ठरवला होता. अर्ज लिहून देणाराही सुटत नसे. बरेचदा पहिले फटके त्यालाच.

यावर माझं तिसरं प्रकरण आहे. सत्तर पानांचं. मार्गदर्शकांनी त्याचं कौतुक केलं होतं.

या अभ्यासाची पुस्तकं त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत होती. शहरातल्या कापड गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या एका वाचनकक्षातली कपाटं इथे आणून टाकली होती. रशियात छापलेली स्वस्त पुस्तकं, जाड पुठ्ठ्याची, काही इंग्रजीत, काही हिंदीत, दोन-चार मराठीतसुद्धा. त्यांच्याकडे माझ्याशिवाय कोणी फिरकत नसे, एक मांजर सोडून. मदतनीस माझ्यासाठी ती खोली उघडायचे. रशियाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. पण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं.

“सर, तुमचे ते मार खाणारे लोक खालच्या फळीवर आहेत,” ते म्हणायचे. “बाँब फेकणारे वरती. मधे शाळामास्तर लोक.”

ही वर्गवारी माझ्या प्रबंधातल्या वर्गवारीपेक्षा बरी होती.

मग वाचनालयाला नवे प्रभारी आले. चाळिशीचे, नीट इस्त्री केलेले, कामाला वाघ. शहरात स्पर्धापरीक्षांची मुलं हजारोंनी. त्यांना बसायला जागा नाही. प्रभारींनी ठरवलं की मागची खोली रिकामी करून तिथे टेबलं लावायची. बरोबरच होतं त्यांचं. निकामी पुस्तकांची यादी करून मंजुरीला पाठवली आणि मंजुरी आली की सगळं रद्दीत.

मी हादरलो. मदतनिसांना म्हटलं, “भिया, यातली शंभरेक तरी वाचवा. तुमच्या घरी ठेवा काही दिवस.”

“तुमच्या घरी का नाही?”

“बायको म्हणते, घरात एक तर ती राहील, नाहीतर झार.”

ते हसले. मग तीन दिवस संध्याकाळी स्कूटरवर पायाशी पोतं ठेवून त्यांनी माझी पुस्तकं सुदामा नगरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेली आणि लोखंडी ट्रंकेत भरून पलंगाखाली सरकवली. यादीला मंजुरी आली नव्हती, म्हणजे पुस्तकं अजून वाचनालयाचीच होती. हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं. मी म्हटलं, “अहो, रद्दीत जाणारच आहेत, कोण विचारतंय.”

त्यानंतर महिन्याभरात वरून पत्र आलं. इतकी इतकी वर्षं झालेल्या रोजंदारी लोकांची नावं पाठवा, त्यांना कायम करण्याचा विचार आहे. प्रभारींनी पाठवलेल्या यादीत मदतनिसांचं नाव नव्हतं. हजेरीच्या जुन्या वह्यांत मधलं दीड वर्ष सापडत नाही, असं कारण होतं. ते दीड वर्ष मदतनिसांच्या स्वतःच्या फायलीत होतं, सह्याशिक्क्यांसकट. त्यांनी अर्ज तयार केला आणि टाइप करायला देण्याआधी मला दाखवला. तीन ओळी. माझी सेवा अमुक तारखेपासून आहे, मधल्या काळाचे पुरावे सोबत जोडले आहेत, नाव यादीत घ्यावं. खाली सही.

मी तो वाचला आणि माझ्यातला विद्वान जागा झाला.

“भिया, हे काय आहे? यात तुम्ही कुठे आहात? तुमची एकोणीस वर्षं कुठे आहेत?”

“आहेत ना. दुसऱ्या ओळीत.”

“तसं नाही. वाचणाऱ्याच्या मनाला लागायला पाहिजे. अर्ज म्हणजे माणूस बोलतो.”

“सर, माझे आजोबा महूला पलटणीत होते. वडील तिथेच फौजी दफ्तरात बाबू. त्यांनी आम्हा भावांना बसवून अर्ज लिहायला शिकवलं. ते सांगायचे, साहेबानं जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. एक ओळ जास्त लिहिली की तीच ओळ तो धरून बसतो.”

हे वाक्य मी त्याच वेळी वहीत लिहून ठेवलं. प्रबंधात कुठे तरी घालता येईल म्हणून. त्यातला उपदेश माझ्यासाठी आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

“आणि द्यायचा कोणाला?” मी विचारलं.

“प्रभारी साहेबांनाच. थ्रू प्रॉपर चॅनल.”

“ज्यांनी नाव गाळलं त्यांनाच? नाही. आपण वर जाऊ. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, थेट मोठ्या साहेबांच्या हातात देऊ. त्यांना कळलंच नाही तर ते करणार काय?”

अकरा वर्षं मी ज्या भोळ्या माणसांवर लिहीत होतो, त्यांचंच वाक्य मी बोललो होतो. मला ते ओळखू आलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून आलं असतं तर तळटीप दिली असती.

एक अख्खी दुपार बसून मी चार पानं लिहिली. सुरुवातीला ‘आपला दीन व असहाय सेवक’ असं होतं. मदतनिसांनी त्यावर बोट ठेवलं.

“हे दीन काढा. असहाय पण काढा. आमच्या घरात कोणी असं लिहीत नाही.”

मी काढलं. जरा वाईट वाटलं, लय चांगली जमली होती. मग ते वाचत गेले आणि तिसऱ्या पानावर पुन्हा थांबले. तिथे मी लिहिलं होतं की या निष्ठावंत सेवकानं रद्दीत जाणारा अमूल्य ग्रंथसंग्रह स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगाखाली, लेकरासारखा जपून ठेवला आहे. आणि दुसरीकडे प्रभारींना मात्र ग्रंथांची किंमत नाही.

“सर, हा पैरा पूरा काढून टाका.”

“अहो, यातच तर सगळा जीव आहे.”

“वो तो ठीक है. पण हे सांगायची जरूरत काय? कोणी विचारलंय का?”

“माझ्यावर विश्वास आहे ना?”

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसापासून लांब राहावं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, “तुम्ही शिकलेले आहात, सर. मी फक्त पुस्तकं लावतो,” आणि सही केली. सही सुंदर होती, वडिलांनी घोटून घेतलेली.

मंगळवारी आम्ही रांगेत बसलो. पाणी येत नाही म्हणून आलेले लोक होते, भावानं घराबाहेर काढलं म्हणून आलेली एक म्हातारी होती, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मला फार बरं वाटत होतं. मी आजूबाजूला संशोधकाच्या नजरेनं बघत होतो. आमची पाळी आली. अधिकारी सौम्य होते, “बैठिए” म्हणाले. पहिलं पान अर्धं वाचलं, बाकीची उलटून चार आहेत ना एवढं पाहिलं आणि कोपऱ्यात हिरव्या शाईनं दोन शब्द लिहून सही केली. आवश्यक कार्यवाही. कागद बाजूच्या ढिगावर गेला. सगळं मिळून दीड मिनिट.

बाहेर आल्यावर मी कचोरी खाऊ घातली. नंतर दोघं चालत कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत गेलो. मी एकटाच बोलत होतो. छत्र्यांच्या, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाध्यांच्या, पायऱ्यांवर कबुतरं बसली होती, खाली नदी नेहमीसारखी काळी.

“सर,” त्यांनी विचारलं, “तो कागद आता जाणार कुठे?”

“खाली. संबंधित विभागाकडे.”

“आणि विभागाकडून?”

“जिल्ह्याच्या कार्यालयात.”

“आणि तिथून?”

तिथून कुठे, यावर माझी सत्तर पानं होती.

अर्जाला उतरायला तीन आठवडे लागले. प्रत्येक टेबलावर त्याला एकेक शिक्का मिळाला आणि शेवटी तो प्रभारींच्या टेबलावर आला, ‘तथ्यात्मक अहवाल सादर करा’ असा शेरा घेऊन. त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला.

“सर, आपने लिखा है ना यह? भाषा से समझ गया,” ते म्हणाले. “बहुत अच्छी हिंदी है.”

मी ‘थँक्यू’ म्हणालो. हे मी खरंच म्हणालो.

चारही पानांत एकच परिच्छेद त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केला होता. तिसऱ्या पानावरचा. बाकी मजकुरावर साधा डागसुद्धा नव्हता. एकोणीस वर्षं, गळालेलं दीड वर्ष, सोबत जोडलेले पुरावे, सगळं तसंच कोरं.

“मैं तो इनका नाम सप्लीमेंट्री लिस्ट में भेजने वाला था,” प्रभारी म्हणाले. “काग़ज़ दिखा देते, बस. अब यह ऊपर से आया है. अब मैं न करूँ तो मैं फँसूँगा.”

ते खरं बोलत होते की नाही, मला अजून माहीत नाही. खरं असेल असं मनात आलं की जेवण जात नाही.

दुसऱ्या दिवशी दोन कारकून आणि दोन पंच सुदामा नगरात गेले. मी तिथे नव्हतो, मला नंतर मदतनिसांच्या बायकोनं सांगितलं. दुपारची वेळ, गल्लीत बायका पापड वाळत घालत होत्या. ट्रंक ओढून ओट्यावर आणली आणि एकेक पुस्तक काढून नाव पुकारून लिहून घेतलं. रशियन नावं कारकुनाला वाचता येईनात, तेव्हा मदतनिसांनी स्वतः एकेक वाचून दिलं. आपल्याच विरुद्धच्या पंचनाम्यात एकही नाव चुकू दिलं नाही. शेजारच्या एकीनं विचारलं, काय चोरी झाली काय तुमच्याकडे? बायको म्हणाली, झाली नाही, निघाली.

कायम नोकरीतल्या माणसाला काढायचं तर नोटीस, चौकशी, सुनावणी. रोजंदारीच्या माणसाला उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणायचं असतं. पण ते म्हणायला प्रभारींनी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं की पुस्तकं घरी न्यायला मी सांगितलं होतं.

“लिखकर दे दीजिए,” ते म्हणाले.

आता खरं तर मला लिहायचीच खोड. पण त्या दिवशी पेन चालेना. वाचनालयाची पुस्तकं माझ्या सांगण्यावरून बाहेर गेली, असं लिहून दिलं तर कागद कॉलेजात जाईल, विद्यापीठात जाईल, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, अकरा वर्षांचा प्रबंध. मी म्हटलं, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, परवा. घरी बायकोनं दोनदा विचारलं, “दिलंत का?” तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं ताट वाढून समोर ठेवलं आणि स्वतः आत जाऊन जेवली.

चौथ्या दिवशी मी लिहून दिलं. तीन ओळी. मदतनिसांना आदल्या संध्याकाळीच सांगून झालं होतं. प्रभारींनी माझा कागद फायलीत मागे लावला आणि फायलीचा बंद बांधला. मला काही झालं नाही, कोणी पत्रसुद्धा पाठवलं नाही. रशियात अर्ज लिहून देणाऱ्याच्या पाठीवर निदान वळ तरी उठायचे.

पुस्तकं परत वाचनालयात आली, जमा झाली, आणि पंधरा दिवसांनी मंजुरी आल्यावर बाकीच्यांबरोबर रद्दीत गेली. मी त्या दिवशी तिथे होतो. टेम्पोवाला पुठ्ठे वेगळे फाडत होता, पुठ्ठ्याचा भाव वेगळा म्हणून. मागच्या खोलीत आता मुलं अभ्यासाला बसतात. खोली भरलेली असते.

मदतनीस सध्या मुलांच्या एका होस्टेलवर चौकीदार आहेत. बारा तासांची पाळी, गणवेश, शिट्टी. वय एकावन्न.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. आधी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो होतो. ते घरी होते, रविवारची सुट्टी. टेबलावर फाइल उघडी आणि समोर कोरा कागद. कामावरून कमी केल्याविरुद्ध अपील करायला मुदत होती, ती संपायला आठ दिवस उरले होते. हे अपीलही गेलं की मागची एकोणीस वर्षं कुठेच धरली जाणार नव्हती. बायकोनं मला खुर्ची दिली, चहा ठेवला. शिवणकाम बाजूला सरकवून ती पलंगावर बसली. पलंगाखाली जागा रिकामी होती, तिथे आता बटाटे पसरले होते.

शांतता मला सोसत नाही. मी सांगायला लागलो की रशियातही असंच व्हायचं; अर्ज वर जायचा आणि फिरून मालकाकडेच यायचा, आणि लोकांना वाटायचं की—

“सर,” ती म्हणाली, “हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“म्हणजे आमचा अर्ज लिहून राहिले होते तेव्हा पण?”

“तेव्हा पण.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिहीत होते. अक्षर तेच, घोटीव. दोन ओळी झाल्या होत्या. मला तिथून उलट्या दिसत होत्या आणि दुसऱ्या ओळीत एक शब्द मला जरा कोरडा वाटला. कोरडाच हवा होता, हे आता कळतं. पण हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

“भिया, मी एकदा नजर टाकू का?”

“नको, सर,” ते वर न बघता म्हणाले. शांतपणे, पुस्तक जागेवर नाही हे सांगायचे तसे.

तरी मी म्हटलं, “फक्त भाषा बघतो.”

बायकोनं माझ्या पुढ्यातला रिकामा कप उचलला.

“सर, तुम्ही ते मेलेल्यांचेच अर्ज वाचत जा,” ती म्हणाली. “त्यांचं तुमच्या हातून आता काही बिघडत नाही.”